आक्कानं बंद केलेले नळ

मी जे काही शिकलो ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे, आक्कामुळे. आमच्या तालुक्याच्या गावी नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, एरवी टँकर. आई मजुरीला जायची, म्हणून चौथीनंतर आक्काची शाळा सुटली आणि पाणी भरणं तिच्याकडे आलं. मी रांगेत उभं राहू नये, अभ्यास करावा, हा तिचा हट्ट. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

मेव्हणे गेल्यावर ती गावी एकटीच होती. हिवाळ्यात तिला सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला माझ्या घरी आणलं. तिला इथं करमावं, पुढच्या वर्षीही तिनं यावं, एवढंच मला हवं होतं.

महिना-दीड महिना बरा गेला. मग बर्फाच्या वादळाचा इशारा आला. टेक्सासमधली घरं थंडीसाठी बांधलेली नसतात. वीज जाऊन हीटर थांबला की भिंतीतले, छतातले पाइप गोठून फुटतात. मी टॉर्च, पॉवर बँका, पाण्याचे कॅन आणून ठेवले. बाहेरच्या नळांना जुने टॉवेल गुंडाळत होतो, तेव्हा आक्का शाल लपेटून दारात उभी होती.

"नळाला कुंची घालायलास व्हय रं? तीट पण लाव की."

आम्ही दोघंही खूप हसलो.

घरातले नळ मात्र बारीक धारेनं चालू ठेवायचे असतात. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. हे आणि बाकी सगळं लिहून बायकोनं यादी फ्रिजवर लावली. यादी इंग्रजीत होती.

वीज गेली. मी, बायको, मुलगा आणि आक्का असे चौघं एकाच खोलीत, होत्या-नव्हत्या तेवढ्या गोधड्या पांघरून झोपलो. आक्का सवयीनं पहाटेच उठली आणि घरभर फिरून एकेक नळ घट्ट बंद करून आली. बंद करण्याआधी त्या धारांचं पाणी तिनं पातेल्यांत भरून झाकूनही ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, गोठून तडकलेल्या पाइपातला बर्फ वितळला आणि मुलाच्या खोलीचं छत पाण्यानं फुगून खाली आलं.

"नळ कुणी बंद केले?" मी विचारलं.

"मी. सगळेच गळत व्हते. इसरला असाल म्हनलं."

"आक्का, इथल्या कशालाही हात लावू नकोस."

"अरे, काय बोलतोयस तू?" बायको म्हणाली. पण बोलून झालं होतं. आक्कानं पदर खोचला आणि पाणी पुसायला बसली.

छत दुरुस्त झालं. आठवड्याभरानं मुलगा मला म्हणाला, "डॅड, आत्या आस्क्स मी बिफोर शी ओपन्स द फ्रिज." मग माझंही लक्ष गेलं. चहा ठेवू का? दिवा लावू का? खिडकी उघडू का? तीन आठवड्यांनी तिनं विचारलं, "बाळा, माजं तिकीट आदी करता येईल का? गावाकडं घर बंद हाय." मी थांब म्हणालो, पुन्हा म्हणालो. ती थांबली नाही.

आता फोन केला की ती मुलाची चौकशी करते, जेवलास का विचारते, आणि ठेवते. म्हणून हे पत्र लिहिलं.

"आक्का,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. सावकाश वाच, पण तूच वाच. शेजारच्या पोरीकडून वाचून घेऊ नकोस.

नळ चालू ठेवायचे हे मी तुला सांगितलंच नव्हतं. फ्रिजवर कागद लावला तेव्हा तू विचारलंस, काय लिवलंय. मी म्हणालो, काही नाही, सामानाची यादी आहे. दोन मिनिटं लागली असती सांगायला. चूक माझी होती आणि ती मी पोरासमोर तुझ्यावर ढकलली.

मी माफी मागायला लागलो की तू 'झालं गेलं' म्हणतेस. तसं म्हणू नकोस. मला रागाव. लहानपणी अभ्यास सोडून टँकरकडे आलो की रागवायचीस, तशी.

इकडं पुन्हा यायचं नसेल तर नको येऊस. पोराच्या शाळेला जूनमध्ये सुट्टी लागते. त्याला घेऊन मी येतो. दार उघडशील ना?

तुझा भाऊ"