वाफ्यात आलेलं पावणं

३१ ऑगस्ट २०२५, रविवार. पंचांगानुसार त्या दिवशी ज्येष्ठा गौरींचे आवाहन होते. शाहूपुरीतल्या अमरसिंहांच्या वाफ्याची मुदतही त्याच दिवशी संपत होती.

मोटारपंपाच्या सुट्या भागांचे दुकान मुलाच्या हाती सोपवून अमरसिंह दारापुढच्या शेवंती-निशिगंधात रमले होते. त्यांचा नियम एकच: आपोआप उगवलेल्या रोपाची ओळख पटल्याशिवाय ते उपटायचे नाही. अशा रोपासमोर उकिडवे बसून ते रीतसर विचारत, "पावणं, गाव कुठलं? भाऊबंद कोण?" या पद्धतीने सदाफुली, गुलबक्षी घरच्या झाल्या. गाजरगवतालाही शेवंतीची भाची समजून महिनाभर पाणी मिळाले, हेही नोंदवायला हवे.

यंदाच्या पावण्याची दांडी लालसर, रसाळ. पाने अरुंद, दातेरी. श्रावणात त्याला मागे बाकदार शेपटी असलेली इवली गुलाबी फुले आली. मोबाइल रोज वेगळे नाव सांगू लागला. अखेर पत्नी झुंबरबाईंनी निकाल दिला.

"गौर येईस्तोवर नाव सांगा, न्हायतर वाफा बुजवून तितं फरशी आन वर पत्रा. पोराची गाडी पावसात भिजतीया आन तुम्ही रोपाची सोयरीक बघताय."

रविवारी झुंबरबाई रंकाळ्यावरून तेरड्याची गौर घेऊन दारात उभ्या राहिल्या. पाण्याचा तांब्या घेऊन निघालेले अमरसिंह वाटेत वाफ्यापाशी थबकले. पावण्याला हिरव्या, फुगीर शेंगा धरल्या होत्या. त्यांनी एक चिमटीत धरली मात्र, ती फटकन फुटली आणि बिया झुंबरबाईंच्या पदरावर उडाल्या. मग अमरसिंहांनी गौरीच्या जुडीतली एक शेंग दाबली. तीही तशीच फुटली.

"भाऊबंद हाय की ह्यो तेरड्याचा."

"गौर दारात ताटकळत ठेवून चौकशी चाललीया व्हय?" झुंबरबाईंनी दोन्ही फुले शेजारी धरून पाहिली. "शेपटी तर सारखीच हाय. गौरीच्या माहेरचं म्हटल्यावर फरशी कशी घालायची आता? आदी पायावर पाणी घाला. आन माझी शेवंती दबली, तर पावण्याआदी तुमाला उपटीन."

फरशी रद्द झाली. गाडीवर ताडपत्री आली.

कूळ तेवढे कळले. हा तेरडा नेमका कोणत्या जातीचा, हे अजून ठाऊक नाही. बी गगनबावड्याहून आणलेल्या मातीतून आले, असे अमरसिंह सांगतात. त्याला पुरावा नाही.