बहरीनमध्ये ऐकलेली इंग्लंडच्या राजाची गोष्ट

विमान उतरू लागलं तेव्हा खालचा समुद्र इतका उथळ दिसला, की गुडघाभर पाण्यातून कुणी पलीकडे चालत जाईल असं वाटलं. बहरीनचं हे पहिलं दर्शन. मी चिपळूणच्या शाळेत इतिहास शिकवते. नव्वदच्या दशकातल्या त्या डिसेंबरात धाकट्या बहिणीकडे, सुनंदाकडे निघाले होते, परदेशी पहिल्यांदाच.

मनामातल्या तिच्या घरी चहा होतो न होतो तोच भाची मृणाल तिचा विषय घेऊन बसली. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजानं संसद बरखास्त करून अकरा वर्षं एकट्यानं कारभार केला, त्यावर तिला वर्गात बोलायचं होतं. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. मजेत चाललं होतं.

तिच्या वडिलांना, विलासरावांना, मात्र ते रुचलं नाही. "ताई, इथलीही संसद कधीची बरखास्त आहे. ती परत मागणाऱ्यांची निदर्शनं चालू आहेत, धरपकड होतेय. आपण व्हिसावर राहणारी माणसं. तिला दुसरा विषय घ्यायला सांगा."

मृणाल वही मिटून आत गेली.

शुक्रवारी हमद टाउनला दाऊदभाईंकडे जेवायला गेलो. दाऊदभाई रत्नागिरीचे, विलासरावांच्याच ऑफिसात क्लार्क. तिथले सगळे चौक गोल आणि सारखेच. एकाच चौकाला आम्ही किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. शेवटी एका दुकानदारानं वाट दाखवली. रशिदाभाभींनी कोकम घालून हामूरचं (इथला मोठा समुद्री मासा) कालवण केलं होतं, सोबत तांदळाच्या भाकऱ्या. परक्या मुलखात आहोत हे विसरून जेवले.

जेवणानंतर शेजारचे अबू युसुफ गहवा (वेलदोड्याची अरबी कॉफी) घेऊन आले. साठीचे बहरीनी गृहस्थ. बाजारात हिंदी व्यापाऱ्यांमध्ये आयुष्य गेलेलं, त्यामुळे हिंदी सफाईदार. दाऊदभाईंनी सहज विचारलं, "मृणाल, राजावरचं भाषण झालं का तयार?"

"कौन सा राजा?" अबू युसुफ म्हणाले. "सुनाओ बेटी."

मृणालनं वडिलांकडे पाहिलं. विलासरावांनी होकारार्थी मान हलवली. ती हिंदीत अडखळत बोलली: राजानं स्वतःच्या हुकमानं कर बसवले, नकार देणाऱ्यांना तुरुंग दाखवला, अखेर स्कॉटलंडशी लढायला खजिना पुरेना, तेव्हा त्याला संसद बोलवावीच लागली.

अबू युसुफ म्हणाले, "इतने साल बाद लोगों को याद था, पार्लमेंट कैसी होती है?"

मृणाल माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "हाँ. बाप बच्चों को बताते रहे होंगे."

हातातला कप ते बराच वेळ फिरवत राहिले. "यहाँ भी चुनाव हुआ था. मैंने वोट दिया था. नए कपड़े पहनकर गया था, ईद जैसे." मग त्यांनी रशिदाभाभींच्या कालवणाचं कौतुक केलं आणि नमाजाची वेळ झाली म्हणून उठले.

परतताना गाडीत विलासराव म्हणाले, "मृणाल, विषय बदलू नकोस. इंग्लंडबद्दल बोल, इथलं काही नको. आणि आजचं घराबाहेर जाऊ द्यायचं नाही."

भाषण नीट झालं. वर्गातल्या मुलांना राजाचं डोकं कसं उडवलं यातच जास्त रस होता, असं ती हसत सांगत आली आणि जेवायला बसली. विलासरावांनी त्या दिवशी दोनदा भात घेतला.

हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आले. 'संसद बरखास्त केली' या वाक्याखाली मुलं रेघ मारतात आणि पुढे जातात. घरी परतल्यावर सासऱ्यांना सहज विचारलं, आपल्याकडच्या पहिल्या निवडणुकीत तुम्ही मत दिलं होतं का? संध्याकाळभर ते बोलत राहिले. स्वयंपाकाला उशीर झाला, पण मी उठले नाही.