सड्यावरचा समुद्र

आज सड्यावर, गावामागच्या उंच कातळमाळावर, चुन्याची मोठी गोल रेघ दिसली. तिथे तळं खणून त्यात समुद्राचं पाणी चढवणार, असं मोजणीचे साहेब आमच्या अंगणात बसून सांगत होते. दुपारी उन्हावर केलेली वीज उरते, तिने पाणी वर ओढायचं. दिवेलागणीला तेच खाली सोडलं की पुन्हा वीज होते. म्हणजे विजेने पाणी चढवायचं आणि विजेसाठीच उतरवायचं! मला काही उमगेना. समुद्र भरती-ओहोटी आपली आपण करतो. त्याला एवढ्या उंचावर नेऊन बसवलं तर तो काय करील?

आमची विहीर सड्याच्या पायथ्याशी आहे. कातळातून झिरपतं तेच पाणी आम्ही पितो. तळ्याची कुणकुण आधीच लागली होती, तेव्हापासून मी रोज पहिली कळशी चाखून बघते. जाऊबाई हसल्या, "अगो, अजून कुदळ लागली नाही आणि तुला खारट लागायला लागलं?"

खारं पाणीही असंच झिरपेल का, एवढंच साहेबांना विचारायचं होतं. त्याऐवजी मी तांब्याभर विहिरीचं पाणी पुढे केलं. ते गटागटा प्याले.

"काय गोड पाणी आहे हो, वहिनी!" म्हणाले, आणि रिकामा तांब्या माझ्या हातात देऊन निघून गेले.