एक्केचाळिसाव्या मजल्यावरचा बूट

टीव्हीवर वरळी-परळकडचे ते काचेचे उंच टॉवर दिसले की मी चहाचा कप खाली ठेवतो आणि बायकोला सांगतो, "बघ, त्यांच्या काचा आपल्या जिल्ह्याच्या पोरानं पुसल्यात." तिनं हे इतक्यांदा ऐकलंय की ती मान वर न करता "हो हो" म्हणते. म्हणू दे. ते प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं, आणि सांगताना छाती फुगते हे मी लपवत नाही.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका ठाण्याचा ठाणेदार होतो. एका सकाळी हजेरी आटोपली आणि मुंबईहून एक तरुण फौजदार दोन शिपाई घेऊन आला. रीतीप्रमाणे त्यानं स्टेशन डायरीत नोंद केली आणि काम सांगितलं. वरळीच्या एका टॉवरमध्ये एक्केचाळिसाव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमधून दागिने गेले होते. दाराचं कुलूप शाबूत, खिडकी उघडी आणि आतल्या चौकटीवर बुटाचा ठसा. त्याच दिवशी बाहेरून दोरावर लोंबकळत काचा पुसणारा एक पोरगा त्या खिडकीवरून खाली उतरला होता. दुसऱ्या दिवशी तो गावी निघून गेला. गाव आमच्या हद्दीतलं.

"सर, एवढ्या उंचीवर दुसरं येणार कोण? पक्षी?" फौजदार म्हणाला.

आमच्या जमादाराला तो पोरगा माहीत होता. गावातल्या पानटपरीवाल्यानं दोनच दिवसांपूर्वी त्याच्या कानावर घातलं होतं : "पोट्टा घरी एक सांगते न् दोस्ताईले दुसरं. कायतरी भानगड हाय जमादारसाहेब." पोरगा बहिणीच्या लग्नासाठी आला होता. त्याच संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. त्याला अटक झाली असती तर सोयरिक मोडलीच म्हणून समजा. आमच्या भागात वरपक्ष पोलिसांची जीप दारात पाहिली की आधी कपाळाला आठ्या घालतो आणि मग कारण विचारतो.

म्हणून मी जीप पाठवली नाही. जमादाराला साध्या कपड्यात मोटरसायकलवर पाठवलं. पोरगा आला, पण त्याची आईही मागोमाग ऑटोनं आली आणि माझ्या खोलीच्या दाराबाहेर बाकावर बसली. हाताला हळद वाटल्याचा पिवळा रंग तसाच होता.

"मुंबईत काय करतोस?" मी विचारलं.

"दुकानात हाव साहेब. कपड्याच्या."

"वरळीच्या टॉवरवर दोराला लटकून काचा कोण पुसतो मग?"

"म्या नाही जी. दुसरा कोनी असन."

फौजदारानं कपाळावर हात मारला. त्याच्याकडे सोसायटीच्या गेटवरचा फोटो होता, ठेकेदाराची जबानी होती, आणि हा गडी डोळ्यांदेखत नाही म्हणत होता! "सर, चोर असल्याशिवाय इतकं धडधडीत खोटं कोण बोलेल? याला आताच ताब्यात घेतो."

एवढ्यात नवऱ्या मुलाचा काका ठाण्यात येऊन ठेपला. बातमीला पाय फुटायला आमच्याकडे वेळ लागत नाही. "साहेब, खरं काय ते सांगा. आमाले संध्याकाळी हळद घेऊन यायचं का नाही?" मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "चौकशी चालू आहे. माझा निरोप येईपर्यंत तोंड उघडायचं नाही." तो चहा पिऊन बसून राहिला, हललाच नाही.

नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो. चोर खोटं बोलताना साहेबाच्या तोंडाकडे बघतो, पटलं की नाही ते पाहायला. हा पोरगा माझ्याकडे बघतच नव्हता. प्रत्येक उत्तर देताना त्याची नजर दाराकडे जात होती. दाराबाहेर त्याची आई होती.

मी महिला शिपायाला म्हटलं, "मावशींना समोरच्या हॉटेलात घेऊन जा, चहा-पोहे द्या." दार लावलं. "आता बोल बे."

तो ढसाढसा रडला. बाप गवंडीकाम करायचा. दोन मजली इमारतीच्या परांचीवरून पडून गेला. तेव्हापासून आईनं शपथ घातली होती की पोरगा कधी उंचावर चढणार नाही. "आन् मले त दुसरं काई आवडतच नाही साहेब," तो डोळे पुसत म्हणाला. "सकाळी सकाळी पन्नासाव्या माळ्यावरून खाली उतराव न्, ढग पायाखाली असतेत. समुद्र इथून तिथवर. मायले कसं सांगू? तिचा जीव जाईन."

तो आता खुलून बोलू लागला. टॉवरांना त्यानं नावं दिली होती : जुळे, टकल्या, नवरदेव. नवरदेव म्हणजे ज्याच्या डोक्यावर बाशिंगासारखी कमान आहे तो. कमरेला साबणपाण्याची बादली, हातात रबरी पट्टी, वरून खाली एकाच दमात. पाणी काचेवरून वाहतं ते थेट अंगावर. "दिवसभर पायातले बूट पिळून काढावे लागतेत जी."

मी खुर्चीत ताठ झालो. "फौजदार, तो ठशाचा फोटो दाखवा पुन्हा."

त्यानं मोबाईल पुढे केला. पांढऱ्या चौकटीवर कोरड्या धुळीचा ठसा, तळव्याची नक्षी अगदी रेघ न् रेघ उठलेली.

आमच्या जमादाराचे बूट मी बादलीत बुडवायला लावले. "साहेब, नवे हायत हो!" तो कळवळला, पण बुडवले. मग त्याला ठाण्याच्या खिडकीवर चढवलं. सगळं ठाणं गोळा झालं, कोठडीतला दारुडासुद्धा गजाला येऊन टेकला. ओल्या बुटाचा नुसता चिखलाचा फराटा उठला. नक्षीचं नावसुद्धा नाही.

"ज्यानं हा ठसा ठेवला त्याचे बूट कोरडे होते," मी म्हणालो. "तो दोरावरून आलेला नाही. तो किल्लीनं दार उघडून घरात चालत आला आणि बाहेरून कुणी आल्याचं दाखवायला खिडकीवर पाय देऊन गेला."

फौजदार तरुण होता, पण प्रामाणिक. जागेवरूनच मुंबईला आपल्या साहेबांना फोन लावला. तिकडच्या पथकानं घरच्या माणसांचे बूट तपासले. दुपार कलायच्या आत फोन आला. ठसा घरमालकाच्या पुतण्याच्या बुटाचा, दागिने त्याच्या गाडीत. फौजदारानं मला कडक सॅल्यूट ठोकला. बुलढाण्याच्या एका ठाण्यानं मुंबईचा गुन्हा खिडकीवर उभा राहून उघड केला होता! काकाला मी म्हटलं, "जा, वाजतगाजत हळद घेऊन या."

आई परत आली. पोरानं खाली मान घालून तिला सगळं स्वतःच सांगितलं. मला वाटलं, ही आता कोसळते. तिनं त्याच्या फाडकन एक थोबाडीत दिली. मग मोबाईलवरचा त्याचा फोटो हातात घेतला. खाली समुद्र, मधे काच, आणि काचेवर तिचा पोरगा हसतोय.

"वरून दोर कोन पाह्यते तुहा?" तिनं विचारलं.

"साथीदार हाय माय. ओडिशाचा. गच्चीवर बसून दोरावर हात ठेवून असते."

"त्याले लग्नाले बोलावलं का?"

"नाही. तो आला असता त तुले समदं कळलं असतं."

"लाव फोन त्याले. माह्या लेकराचा जीव ज्याच्या हातात हाय, तो नसन त लगन कायचं?"

त्या दिवसापासून खोटं बोलणारा माणूस समोर आला की तो कुणापासून लपवतोय हे मी आधी शोधत आलो. पुष्कळदा ते पोलिसांपासून नसतंच.

लग्नाला मी वर्दीत गेलो, मुद्दाम. लोकांनी बघावं म्हणून. तो ओडिशाचा पोरगा रात्रीच्या गाडीनं शेगावला उतरून पोचला होता. कानपिळीची वेळ आली. आमच्याकडे नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. नवरदेवाचा एक कान सख्ख्या भावानं धरला. तेवढ्यात आईनं त्या ओडिशाच्या पोराचा हात पकडून त्याला पुढे ओढलं आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाली, "दुसरा कान तू पिळ. तूबी तिचा भाऊच हायस."