माझी सून आणि गंजलेलं चाक

माझी सून ताझागुल हिच्याबद्दल आमच्या मुइनाक गावात कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल: सून असावी तर अशी. नऊ वर्षांत सासऱ्यासमोर तिने तोंड उघडलं नाही. लोक हे मला सांगायचे आणि मी मिशीवरून हात फिरवायचो. त्याच मिशीची आता लाज वाटते, म्हणून ही हकिकत सांगतोय.

ताझागुल कोंगिरातकडच्या एका खेड्यातली. बाप ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. त्याला मुलगा नाही, त्यामुळे हीच त्याच्या हाताखाली वाढली. आईने तिला तंदुरात रोट्या लावायला शिकवलं आणि बापाने बेअरिंग बसवायला. सोयरीक ठरवताना त्यांनी हे अभिमानाने सांगितलं, तेव्हा मी हसून म्हटलं होतं, "बरं झालं, शिलाई मशीन तरी घरच्या घरी दुरुस्त होईल."

मी जन्मभर ट्रक चालवला. आधी माशांच्या कारखान्याचा, समुद्र आटल्यावर मिळेल त्याचा. समुद्र गेला आणि मीठ मागे ठेवून गेला. वारा सुटला की ते मीठ डोळ्यांत, चहात, गाडीच्या पोटात. म्हणून आमच्याकडचा शहाणा माणूस दर वसंतात गाडीची चारी चाकं उतरवतो, आतला हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग, घासतो, त्याला ग्रीस लावतो आणि चाकं परत चढवतो. हे शहाणपण मी गावभर वाटायचो. माझ्या स्वतःच्या गाडीची चाकं मात्र तीन वर्षं उतरली नव्हती.

पोलातच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, लग्नाआधी बायकोने विचारलं, "चाकं बघितलीत का?"

"बघितली," मी म्हटलं. बघितली होती, पण बाहेरून. पुसून चकचकीत केली होती आणि दारांना फिती बांधल्या होत्या.

नवरी घेऊन परतताना, गाव तीस किलोमीटरवर असताना मागचं एक चाक पंक्चर झालं. आमच्या मागे वऱ्हाडाच्या आणखी दोन गाड्या होत्या, त्याही थांबल्या. गाडी जॅकवर उचलली, नट निघाले, पण चाक निघेना. गंजाने ते हबला घट्ट चिकटलं होतं. मी घण मारला, तो टायरवरून उसळून माझ्याच अंगावर आला. रॉकेल ओतलं. लाथा घातल्या. वऱ्हाडी गोळा झाले, आणि फुकटच्या सल्ल्याला काय तोटा?

"सार्सेन, वसंतात ग्रीस लावतोस ना?" एकाने विचारलं. "आम्हाला तर फार सांगतोस."

"लावलंय," मी धडधडीत खोटं बोललो.

नवरीला दुसऱ्या गाडीत बसवावं, तर वाटेत नवरीची गाडी बदलणं आमच्या घरात अशुभ मानतात. ती बिचारी लाल ओढणीत तोंड झाकून आपल्या काकूबरोबर उन्हात उभी होती. थोड्या वेळाने काकू माझ्याजवळ आली.

"व्याही, पोरगी म्हणते, नट परत थोडे सैल लावा, गाडी खाली घ्या, दहा पावलं चालवून ब्रेक मारा. गाडीच्या वजनानेच चाक सुटेल."

मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. चाळीस वर्षं ट्रक हाकला होता मी. रागाच्या भरात सुचलं नव्हतं एवढंच. पण ते नवरीने सांगावं, आणि तेही वऱ्हाडादेखत?

"तिला म्हणावं, लग्न पोलातशी झालंय, माझ्या गाडीशी नाही."

लोक हसले, तसा मला आणखी चेव आला. मी पाठीवर झोपलो, पाय गाडीखाली घातले आणि आतल्या बाजूने चाकावर टाचा हाणायला लागलो. जॅकखाली फळी ठेवायला हवी होती. तिथल्या जमिनीवरचा मिठाचा थर दिसतो टणक, पण असतो पापडासारखा.

तिसऱ्या लाथेला लाल ओढणीआडून आवाज आला, मोठा आणि स्वच्छ. "बाबा, बाहेर या! जॅक खचतोय!"

मी पाय ओढून घेतले आणि गाडी खाली बसली, माझे गुडघे होते बरोबर त्या जागी.

मी उठून उभा राहिलो. सगळे माझ्याकडेच बघत होते. भीती झाकायला माणसाकडे राग असतो. मी नवरीकडे वळलो.

"सासऱ्यासमोर असं तोंड उघडायचं, हेही बापाने शिकवलं का नटबोल्टांबरोबर? माझ्या घरात हा आवाज मला ऐकू येता कामा नये."

तिची ओढणी जरासुद्धा हलली नाही. पोलातने मुकाट्याने नट सैल लावले, गाडी दहा पावलं नेली आणि ब्रेक मारला. टक्‌ असा आवाज झाला आणि चाक सुटलं. मी स्टेपनी चढवली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसलो.

आमच्याकडे सासरा ‘बोल’ म्हणेपर्यंत नवी सून त्याच्याशी बोलत नाही. महिन्याभरात एखाद्या सकाळी तो चहाची वाटी हातात घेतो, "बोल, लेकी" म्हणतो, काहीतरी भेट देतो आणि विषय संपतो. माझ्या तोंडून ते निघेना. तिला बोल म्हणायचं तर आधी मला त्या दिवसाबद्दल बोलावं लागणार होतं.

"अहो, सोडा की पोरीला आता," बायको म्हणायची.

"बघू," मी म्हणायचो. आज-उद्या करता करता नऊ वर्षं गेली.

जेवण तयार झालं की ताझागुल अंगणातल्या गाईला सांगायची, "बाबांना म्हणावं, वाढलंय." पुढे मुली झाल्या, तेव्हा निरोप न्यायला त्या मिळाल्या. ती अंगणात खळखळून हसत असायची आणि मी दारात आलो की गप्प व्हायची. दर वसंतात मी दुपारी झोपलेला असताना माझ्या गाडीच्या हबना कुणीतरी ग्रीस लावून ठेवायचं. कोण ते मला ठाऊक होतं, तरी मी कधी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारचा येसेनबाय आपल्या नव्या सुनेला घेऊन चहाला आला. बसल्या बसल्या ती पोर हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्या गोळीची वेळ झाली."

येसेनबायने तिला तिथल्या तिथे झापलं. "चारचौघांत बोलतेस? ताझागुलकडे बघ जरा. नऊ वर्षं झाली, सासऱ्यासमोर चकार शब्द नाही. शीक काहीतरी तिच्याकडून."

पोरीचा चेहरा उतरला. ताझागुल किटली घेऊन दारातच थबकली. मला एकदम वाटलं, आता आणखी एका पोरीचं तोंड माझ्यामुळे बंद होणार.

"येसेनबाय," मी म्हटलं, "ती गप्प राहिली नाही. मी तिला गप्प केलं." मग सगळं सांगितलं: न लावलेलं ग्रीस, खोटं बोलणं, जॅक. "हे दोन पाय तिने वाचवले, आणि त्याच पायांवर उभा राहून मी तिला नाही नाही ते बोललो. तुम्ही तिची स्तुती करता आणि मी ती निर्लज्जासारखी ऐकून घेतो."

मी दाराकडे वळलो.

"चुकलो मी, लेकी. आता बोल. शिव्या द्यायच्या असतील तर शिव्या दे."

मला वाटलं ती बोलणार नाही, आणि तो तिचा हक्कच होता. मग तिने किटली खाली ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला कुठे लागलं नव्हतं ना?"

"नाही, लेकी," मी म्हटलं. पण तिच्याकडे वर मान करून मला बघवेना.