जमिनीत वीज सोडण्याची सभा

अहो, हसू नका एवढ्यात! आधी फजिती नीट ऐका, मग हवं तेवढं हसा. चहा निवला तरी चालेल.

मी मूळचा जळगावचा. विजेच्या इंजिनिअरिंगची पदवी घेऊन नुकताच धुळ्याच्या वीजघरात शिकाऊ म्हणून लागलो होतो. माझ्यासारखे आणखी चार-पाच जण होते. आमच्या मोठ्या साहेबांनी शिस्तच लावली होती. दर शनिवारी संध्याकाळी वीजघराच्या अंगणात एकाने आपल्या संशोधनाचा निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून त्याला घाम फोडायचा. ऐकणारे कोण? आम्हीच!

माझी पाळी आली आणि कळलं, की आमच्या कॉलेजचे प्रोफेसर स्वतः ऐकायला येणार! त्यांना संशोधनासाठी एक विद्यार्थी निवडायचा होता. आता मला सांगा, अन्न गोड लागेल का माणसाला?

विषय झकास होता. यंत्रात वीज भलतीकडे गेली, तर तार लावून ती जमिनीत सोडून देतात, म्हणजे माणसाला धक्का बसत नाही. त्याला म्हणतात अर्थिंग. पण आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि वीज घेईनाशी होते! त्यावर उपाय शोधायला मी भर उन्हात शेतोशेत खड्डे खणत हिंडलो होतो. लोकांना वाटायचं, पोरगं गुप्तधन शोधतंय.

पण प्रोफेसरांपुढे रिकामी बाकं? छे! मी दवंडीवाल्या किसनभाऊंना गाठलं.

"विषय काय सांगू, साहेब?"

"अर्थिंग."

"ते कोनले समजी?"

"बरं, मग असं सांगा, की जमिनीत वीज कशी सोडतात, ते साहेब शनिवारी सांगणार आहेत."

किसनभाऊ मान डोलावून गेले. मी निबंध घोकत बसलो. गावात ते काय ओरडले, ते मला नंतर कळलं. 'कशी' गळलं, 'सांगणार' गळलं, आणि उरलं एवढंच, "ऐका होऽ! शनवारे सांजले साहेब जमीनमा ईज सोडणार होऽ!"

शनिवारी बघतो तर काय! अंगण गच्च भरलेलं, बाहेर बैलगाड्यांची रांग! प्रोफेसर पुढच्या खुर्चीवर. ते कौतुकाने म्हणाले, "तुमच्या गावाला संशोधनाची एवढी आवड?"

माझी छाती अशी फुगली, की कोटाचं बटण तुटायचं बाकी राहिलं!

मी सुरुवात केली. "आता आपण जमिनीत वीज सोडू..." म्हणताच मागचे लोक बाकांवर चढले. मला वाटलं, नीट दिसावं म्हणून. मग काही जण भिंतीवर चढले. दोघं निंबाच्या झाडावर! वा, काय ही ज्ञानाची तहान! मला चेव आला. आवाज चढला, हातवारे वाढले. आकडे असे फेकले, की माझेच सोबती तोंडं उघडी टाकून बघत राहिले.

शेवटी बाकावर उभे असलेले एक म्हातारे आबा हात जोडून म्हणाले, "साहेब, पाय दुखाले लागनात. सोडी दिधी का ईज? आते उतरू का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! ही सगळी माणसं पाय जमिनीला लागू नयेत म्हणून चढली होती!

प्रोफेसर माझ्याकडे बघतायत, आबा माझ्याकडे बघतायत. काय करता? मी म्हणालो, "आबा, काही भीती नाही! हे बघा, मी स्वतः दाखवतो."

बूट काढले, मोजे काढले आणि ऐटीत अनवाणी जमिनीवर उभा राहिलो. "बघा! आहे का काही?"

"आयो गंऽऽऽ!"

ही किंकाळी माझीच! पायाच्या अंगठ्याला असा चटका बसला, की मी एका उडीत टेबलावर!

मग काय विचारता! "सोडी रे सोडी!" म्हणत अंगण रिकामं झालं. झाडावरचे दोघं भिंतीवरूनच पसार. गाड्या अशा उधळल्या, की जणू बैलांच्या शर्यतीचा शंकरपटच! प्रोफेसर हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात.

आबा मात्र जागचे हलले नाहीत. बाकावरूनच वाकून त्यांनी काठीने माती उकरली. काठीवर एक टपोरा मुंगळा चढला.

प्रोफेसर डोळे पुसत म्हणाले, "निबंध उत्तम आहे हो! संशोधनाची जागा तुम्हालाच. आता टेबलावरून उतरा."

आनंदाने मी ओरडलोच! पण उतरवेना हो. खाली आणखी मुंगळे असले तर?

आबांनी मला खालून वर, वरून खाली न्याहाळलं. मग सावकाश बाकावरून उतरले, वहाणा झटकल्या आणि जाता जाता काळजीने म्हणाले, "भाऊ, मुंगळाले इतला घाबरस, तर ईजनं काम कसाले करस रे?"