शेवटचा नंबर

आमच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची यादी आदल्या संध्याकाळी वॉर्डची सिस्टर म्हणून मी लिहायचे. नंबर कोणाचा कितवा, ते सर्जन सांगायचे. एचआयव्हीचा पेशंट नेहमी शेवटी. त्याच्यानंतर थिएटर नीट धुवावं लागतं म्हणे. म्हणजे बाकीच्यांनंतर काय नुसता झाडू मारत होते?

त्या वेळी कारागृहातून एक कच्चा कैदी आला होता. तोंडवलीचा मच्छीमार, रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढून ओढून हर्निया झालेला. एचआयव्हीच्या गोळ्या तो वर्षानुवर्षं न चुकता घेत होता आणि तब्येत ऑपरेशनला ठीक होती. पण गाठ आता सहज आत जाईना. आतडं अडकलं असतं, तर माणूस गेला असता. हे सर्जनना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी रोज त्याला सकाळपासून उपाशी ठेवायचं, दुपारी यादी लांबली म्हणायचं आणि उद्यावर ढकलायचं. असल्या भित्र्या हुशारीला आमच्यात अनुभव म्हणतात.

शेवटी एका संध्याकाळी मी त्याचं नाव पहिलं लिहिलं.

सकाळी सर्जन यादी बघून म्हणाले, "हा पहिला कसा?"

"शेवटचा ठेवला की होत नाही, डॉक्टर."

"थिएटर धुण्यात तास जाईल."

"ते प्रत्येकानंतर धुवायचं असतं."

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई शेजारीच उभ्या होत्या आणि धुण्याचा नियम त्यांनाही ठाऊक होता, त्यामुळे सर्जनना ते पुढे रेटता येईना. मग त्यांनी नवीन सबब काढली. "त्याला बेडी आहे ना? पोलिसांनी काढली तर घेतो."

मी खाटेपाशी गेले. पहाऱ्यावरचा हवालदार मास्क आणि दुहेरी हातमोजे घालून, स्टूल पार खिडकीशी ओढून बसला होता. बेडी काढा म्हटल्यावर त्याने खिशातून चावी काढली आणि लांबूनच खाटेवर फेकली.

"तूच काढ रे. माका हात लावूक सांगू नको."

कैद्याने स्वतःची बेडी स्वतः उघडली आणि चावी पुढे केली. "साहेबानू, घेवा."

"थंयच ठेव! सिस्टर, जरा स्पिरिटान पुसून दिया ती."

"आणि तो पळालो तर?" मी विचारलं.

हवालदार विचारात पडला. ही शक्यता त्याच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरली असावी. आजाराच्या भीतीने कैद्याच्याच हातात चावी देणारा पहारा मी त्याआधी पाहिला नव्हता.

"चलशीत मा रे?" मी कैद्याला विचारलं.

"चलतंय. पण आज करतले ना नक्की?"

पोट एका हाताने दाबून धरत तो चालत निघाला. मागून, चांगलं अंतर राखून, हवालदार.

थिएटरच्या दारात त्याला मोकळ्या हातांनी उभा बघून सर्जनकडे सबब उरली नाही. उघडलं तेव्हा आतडं अडकायला लागलंच होतं, पण अजून जिवंत होतं. सुटलं.

संध्याकाळच्या राउंडला सर्जन खाटेपासून दोन हात लांब थांबले आणि सोबतच्या इंटर्नना म्हणाले, "बघा, आपण वेळेत घेतला म्हणून वाचला."

कैद्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याची नाडी मोजत होते. आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजली.